कागल ते भायखळा : नामदार गोखल्यांची तीन कॉलेजे

पंधरा वजा आठ, बाकी सात. गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुढे अंकगणिताचे एक पुस्तक सिद्ध केले आणि ते शाळाशाळांतून वर्षानुवर्षे वापरले गेले. पण त्यांच्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे गणित ते पुस्तक लिहिण्यापूर्वीच कागलच्या एका घरात मांडले गेले होते. थोरले बंधू गोविंदराव यांना कागलच्या कचेरीत दरमहा पंधरा रुपये पगार मिळे. त्यातले आठ रुपये कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाकडे जात. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. वडील वारलेले, आई व बहिणी कोकणात काकांच्या आधाराने राहिलेल्या आणि मिळवते माणूस अवघे अठरा वर्षांचे, असे ते घर होते.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या आजोळच्या गावी झाला. घराणे कोकणातले, पण वडील कृष्णराव पोटापाण्यासाठी घाट चढून आले आणि कागलच्या जहागिरीत कारकून झाले. पुढे ते फौजदारीच्या हुद्द्यापर्यंत पोचले. कृष्णराव स्वतः शिक्षणासाठीच कोल्हापुरात आले होते आणि महादेव गोविंद रानडे हे तेथे त्यांच्या बरोबरीचे विद्यार्थी होते, असे चरित्रकार नोंदवतात. रानड्यांचे वडील कोल्हापूर दरबारच्या नोकरीत होते. मुलाला मुंबईस पाठवणे त्यांना शक्य झाले. रानडे एल्फिन्स्टनमध्ये गेले आणि १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांच्या तुकडीतून बाहेर पडले. कृष्णरावांचे शिक्षण मात्र मध्येच सुटले आणि ते कागलला कचेरीत जाऊन बसले. दोघांच्या बुद्धीत किती अंतर होते हे आता कोणी सांगू शकणार नाही, पण दोघांच्या घरच्या परिस्थितीत अंतर होते एवढे निश्चित. एका पिढीत कागलपाशी थांबलेली वाट पुढच्या पिढीत पुढे न्यायची, ही ओढ त्या घरात आधीपासून होती. म्हणून कृष्णरावांनी दोन्ही मुलांना लहान वयातच इंग्रजी शिकण्यासाठी कोल्हापुरास ठेवले.

१८७९ साली कृष्णराव वारले. गोपाळ तेव्हा तेरा वर्षांचा होता. दोघांपैकी एकालाच शिकता येणार होते. गोविंदरावांनी शाळा सोडली आणि नोकरी धरली. त्यांनी हा त्याग केला असे चरित्रांतून एका वाक्यात सांगून टाकण्याची प्रथा आहे. पण अठरा वर्षांच्या, स्वतःही शिकत असलेल्या मुलाने आपली पुस्तके मिटवून ठेवावीत आणि धाकट्याची उघडी राहावीत म्हणून कचेरीचा रस्ता धरावा, ही गोष्ट एका वाक्यात मावणारी नाही. त्या काळच्या एकत्र कुटुंबात थोरल्याने असे करणे अपेक्षितच होते हे खरे. तरीही अपेक्षित गोष्ट करताना माणसाला ती सोपी जाते असे नाही.

कोल्हापुरात गोपाळ आठ रुपयांत राहू लागला. खर्च वाचवण्यासाठी तो पुष्कळदा हाताने स्वयंपाक करी. त्याच्या काटकसरीच्या आख्यायिका पुढे महाराष्ट्रातल्या शालेय पुस्तकांतून पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेल्या. त्यांतली एक अशी की, कोणा मित्राने आग्रह करून नाटकाला नेले आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. ते दिल्यावर महिन्याचा मेळ बसेना. तेव्हा दिव्याच्या तेलाचा खर्च वाचवण्यासाठी गोपाळने काही दिवस रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला. अशा गोष्टींना कालांतराने झिलई चढते. पण या गोष्टीचे मर्म दोन आण्यांत आहे. ज्याच्या हिशेबात दोन आण्यांचीही सैल जागा नाही, त्याच्यापुढे शिक्षणाचा प्रत्येक पुढचा टप्पा केवढा प्रश्न होऊन उभा राहत असेल याची त्यावरून कल्पना येते.

१८८१ साली गोखले मॅट्रिक झाले. वय पंधरा. त्या काळी मॅट्रिक झालेल्या मुलाला सरकारी कचेरीत जागा मिळणे अवघड नव्हते आणि घराला दुसऱ्या पगाराची गरज होती. आपण आता नोकरी करतो आणि दादांचा भार हलका करतो, असा विचार गोपाळने बोलून दाखवला. गोविंदरावांनी तो मानला नाही. वहिनींनी आपले दागिने पुढे केले. शिक्षण चालू ठेवायचे, हे त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले. वडीलधारे म्हणजे वीस वर्षांचा भाऊ आणि त्याची त्याहूनही लहान पत्नी. या वहिनींविषयी चरित्रांतून फार थोडे लिहिलेले सापडते. दागिने दिल्याचा उल्लेख येतो आणि ती बाई पुन्हा पडद्याआड जाते. ज्या काळात सोने हीच स्त्रीची एकमेव स्वतःची मिळकत होती, त्या काळात दिराच्या कॉलेजसाठी ती मिळकत काढून देणे म्हणजे काय, याचा हिशेब कोणी मांडून ठेवलेला नाही.

शिकायचे ठरले, पण कोठे, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर त्या वेळी सोपे होते. कोल्हापुरातच नुकतेच एक कॉलेज निघाले होते. १८७० साली युरोपच्या प्रवासाहून परतताना फ्लॉरेन्स येथे निधन पावलेल्या छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने जुन्या राजवाड्याजवळ, भवानी मंडपाच्या परिसरात देखणी इमारत उभी राहिली होती आणि १८८०च्या सुमारास तेथे कॉलेजचे वर्ग सुरू झाले होते. आणखी तीन-चार वर्षे आधी मॅट्रिक झाले असते तर गोखल्यांना ही सोय मिळाली नसती आणि बहुधा कचेरीतली खुर्चीच त्यांच्या वाट्याला आली असती. गावात कॉलेज असणे या एका गोष्टीवर त्या काळच्या किती मुलांचे भवितव्य ठरले असेल, याची मोजदाद होणे शक्य नाही. जानेवारी १८८२ मध्ये गोखले राजाराम कॉलेजात दाखल झाले.

त्या वर्षीचे कोल्हापूर निवांत नव्हते. छत्रपती चौथे शिवाजी यांना मिळणाऱ्या वागणुकीवरून ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी संस्थानच्या कारभाऱ्यांवर टीका केली होती आणि त्यातून टिळक व आगरकर यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. दोघांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. खटल्याच्या खर्चासाठी ठिकठिकाणी निधी गोळा झाला. कोल्हापुरातल्या विद्यार्थ्यांनी नाटकाचा प्रयोग लावून मदत केली आणि त्या प्रयोगात लाजाळू, गोऱ्यापान गोखल्यांनी भूमिका केली, असे चरित्रकार सांगतात. ज्या दोन पुरुषांसाठी हा निधी जमत होता, त्यांच्याच संस्थेत आपण चार वर्षांनी आजीव सदस्य होऊ हे त्या मुलाच्या स्वप्नातही नसणार.

राजाराम कॉलेजातल्या गोखल्यांची ख्याती होती ती पाठांतरासाठी. इंग्रजी गद्याची पानेच्या पाने ते तोंडपाठ म्हणत. ही घोकंपट्टी म्हणून काहींनी तिची थट्टाही केली. ती अगदीच अनाठायी नव्हती, कारण स्वतंत्र प्रज्ञेची चमक त्या वयात त्यांच्यात दिसत होती असे त्यांच्या भक्तांनाही म्हणता येत नाही. पण ज्याच्याजवळ पुस्तके विकत घेण्यास पैसा नाही, त्याने पुस्तक परत देण्यापूर्वी ते डोक्यात साठवून ठेवावे, हे स्वाभाविक होते. पुढे कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना आकडे आणि इंग्रजी वाक्ये ज्या सहजतेने त्यांच्या मुखातून येत, तिची तालीम कोल्हापुरातच झाली होती.

मुंबई विद्यापीठाची पदवी तेव्हा मॅट्रिकनंतर तीन वर्षांची होती. पहिले वर्ष प्रीव्हियसचे, मग फर्स्ट बी.ए. आणि शेवटी सेकंड बी.ए. राजाराम कॉलेज नवे होते. प्रीव्हियसपलीकडचे वर्ग तेथे नव्हते. म्हणजे गावचे कॉलेज एक वर्षापुरतेच गावचे होते. पुढे जायचे तर पुणे किंवा मुंबई. गोविंदरावांनी पुन्हा एकदा कंबर कसली आणि गोखले पुण्यास डेक्कन कॉलेजात गेले.

आज कोल्हापूरहून पुण्याला जाणे म्हणजे काही तासांचा प्रवास. तेव्हा कोल्हापूरला रेल्वे नव्हती. मिरजेहून कोल्हापुरास गाडी आली ती १८९१ साली. पुण्याची वाट म्हणजे कराड, सातारा, खंबाटकी आणि कात्रज असे घाट व नद्या ओलांडीत सव्वादोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर बैलगाडीने किंवा टांग्याने कापणे. सुटीत घरी यावेसे वाटले तर भाड्याचा विचार आधी करावा लागे. कागल कोल्हापुराहून पाच-सहा कोसांवर होते. अडीअडचणीला निरोप धाडता येई, कोणाबरोबर शिधा येई. पुण्यात तो आधार नव्हता. शिवाय डेक्कन कॉलेज हे मोठे सरकारी विद्यालय. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात निघालेल्या पाठशाळेची परंपरा सांगणारे ते कॉलेज १८६८ पासून येरवड्याच्या बाजूला, शहरापासून दूर, दगडी इमारतीत नांदत होते. तेथे मुले वसतिगृहात राहत. टिळक आणि आगरकर तेथूनच पदवीधर झाले होते. एकच सदरा रोज रात्री धुऊन दुसऱ्या दिवशी घालणारे आगरकर आणि घरची बरी स्थिती असल्याने एक वर्ष व्यायामाकडे देऊ शकणारे टिळक, अशी दोन्ही प्रकारची मुले त्या वसतिगृहाने पाहिली होती. गोखले या दोघांत आगरकरांच्या पंक्तीचे.

डेक्कन कॉलेजात गोखले फार काळ राहिले नाहीत. राजाराम कॉलेजात फर्स्ट बी.ए.चा वर्ग सुरू होताच ते कोल्हापुरास परतले. मोठ्या कॉलेजातून लहान कॉलेजात, पुण्याहून कोल्हापुरात असे उलट येणे आजच्या विद्यार्थ्याला कमीपणाचे वाटेल. नामांकित संस्थेत मिळालेला प्रवेश सोडून कोणी गावी आला तर शेजारीपाजारी कुजबुजतात. गोखल्यांच्या परतण्याला मात्र हिशेबाची कणखर बाजू होती. तीच परीक्षा, तेच विद्यापीठ, तोच अभ्यासक्रम निम्म्या खर्चात पुरा होत असेल तर पुण्यात राहण्याची हौस कोणाच्या पैशाने करायची? पैसे गोविंदरावांचे होते. परतण्यात जो समजूतदारपणा आहे तो सतरा वर्षांच्या वयाला शोभणारा नव्हता, आणि म्हणूनच थोडा चटका लावणारा आहे.

डेक्कन कॉलेजच्या त्या अल्पकाळाचा ठसा गोखल्यांवर किती उमटला, हा प्रश्न चरित्रकारांनी फारसा विचारलेला नाही. एक गोष्ट मात्र दिसते. पुण्यातल्या वाड्यांतली चर्चा, निबंधकार विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या मृत्यूनंतर न्यू इंग्लिश स्कूल चालवणारी तरुण मंडळी, वृत्तपत्रांचे वारे हे सर्व त्यांना प्रथम जवळून दिसले असेल ते याच वेळी. पदवीनंतर त्यांची पावले पुन्हा पुण्याकडेच वळली.

शेवटच्या वर्षासाठी मात्र कोल्हापूरचा दरवाजा बंद होता. सेकंड बी.ए.चे शिक्षण तेथे नव्हते. या वेळी गोखल्यांनी पुणे न निवडता मुंबई निवडली आणि १८८४ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. रानड्यांच्या कॉलेजात, म्हणजे ज्या वाटेवर कृष्णरावांना पाऊल ठेवता आले नव्हते त्या वाटेवर, कृष्णरावांचा मुलगा एका पिढीच्या अंतराने पोचला. एल्फिन्स्टन कॉलेज तेव्हा आजच्या काळा घोडा भागात नव्हते. ते भायखळ्याला, राणीच्या बागेसमोर होते. गिरण्यांचा धूर, ट्रामगाड्या, बंदरावरची वर्दळ असे मुंबईचे रूप कोल्हापूरच्या मुलाला केवढे परके वाटले असेल!

दूरच्या कॉलेजाने काय दिले, याचे उत्तर येथे नेमके देता येते. पहिली गोष्ट म्हणजे प्राध्यापक. प्राचार्य विल्यम वर्ड्‌स्वर्थ हे त्याच नावाच्या इंग्रज कवीचे नातू. भारतीयांच्या राजकीय आकांक्षांकडे सहानुभूतीने पाहणाऱ्या मोजक्या इंग्रजांत त्यांची गणना होई. गणिताचे प्राध्यापक हॅथॉर्नथ्वेट यांची गोखल्यांवर मर्जी बसली. दुसरी गोष्ट शिष्यवृत्ती. एल्फिन्स्टनमध्ये गोखल्यांना दरमहा वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. या आकड्यापाशी क्षणभर थांबायला हवे. गोविंदरावांचा सुरुवातीचा पगार पंधरा रुपये होता. शिकणाऱ्या धाकट्याला मिळणारी शिष्यवृत्ती त्याहून पाच रुपयांनी अधिक होती. जे दूरचे कॉलेज सर्वांत महाग पडेल अशी धास्ती होती, तेच हातात पैसे ठेवणारे निघाले. अर्थात हे आधी कोणालाच ठाऊक नव्हते. घराने जोखीम घेतली ती शिष्यवृत्तीच्या भरवशावर घेतली नव्हती.

तिसरी गोष्ट सहाध्यायी. त्याच वर्गात धोंडो केशव कर्वे होते. ते गोखल्यांहून आठ वर्षांनी मोठे होते. कोकणातल्या मुरूडहून निघालेल्या कर्व्यांची वाट आणखी खडतर होती. शाळेतल्या एका परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षेस न बसता परत आले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. गणिताच्या आवडीने हे दोघे एका बाकावर आले. सात वर्षांनी टिळक संस्थेतून बाहेर पडल्यामुळे फर्गसनमध्ये गणिताला प्राध्यापक हवा झाला, तेव्हा गोखल्यांनी कर्व्यांना बोलावून घेतले. १८९१ साली कर्वे पुण्यास आले. हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ हे त्यापुढचे सारे पुण्यातच घडले. भायखळ्याच्या त्या वर्गात ही ओळख झाली नसती तर कर्वे कदाचित मुंबईतच शिकवण्या करीत राहिले असते. कॉलेज निवडताना आपण वर्गात शेजारी कोण बसणार हे निवडू शकत नाही, आणि पुष्कळदा तेच सर्वांत मोलाचे ठरते.

१८८४ साली गोखले द्वितीय श्रेणीत बी.ए. झाले. वय अठरा. ज्या वयात गोविंदरावांनी शाळा सोडली होती, त्याच वयात धाकटा पदवीधर झाला.

पुढे काय, याविषयी घरात अपेक्षा होती आणि ती रास्त होती. वकिलीची किंवा सरकारी खात्यातली मोठी जागा मिळवून मुलाने घर वर काढावे, असे कोणत्याही अशा घराला वाटेल. विलायतेस जाऊन आय.सी.एस. होण्याइतका पैसा नव्हता. अभियांत्रिकी शिकावी म्हणून गोखले पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये काही दिवस गेले आणि तेथे आपला निभाव लागणार नाही असे वाटून बाहेर पडले. कायद्याचा अभ्यासही सुरू केला. त्या जोडीला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा पस्तीस रुपयांवर शिक्षकाची नोकरी धरली. पस्तीस रुपये ही रक्कम कागलच्या मानाने मोठी होती. पण आगरकरांच्या सहवासात शिक्षकी हा तात्पुरता उद्योग राहिला नाही. १८८६ साली गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. वीस वर्षे सेवा, दरमहा पंचाहत्तर रुपये वेतन आणि बाहेरची मिळकत वर्ज्य, अशा त्या संस्थेच्या अटी होत्या. आठ रुपये पाठवून, दागिने देऊन ज्याला वाढवले त्याने श्रीमंतीची दारे आपल्या हाताने लावून घेतली, हे गोविंदरावांना सहज पचले नसणार. हा सल खरा होता. देशसेवेच्या कथनात तो अनेकदा झाकला जातो. पण गोखल्यांनी गरिबी पत्करली तेव्हा ती एकट्याची नव्हती, घराचीही थोडी होती.

सोसायटीचे फर्गसन कॉलेज २ जानेवारी १८८५ रोजी निघाले होते. सरकारी डेक्कन कॉलेज असताना दुसरे कॉलेज कशाला, असे विचारणारे होतेच. त्याचे उत्तर गोखल्यांसारख्यांच्या पूर्वायुष्यात होते. मध्यम स्थितीतल्या मुलाला परवडेल अशा खर्चात, देशी माणसांनी चालवलेले कॉलेज हवे, हा त्या मंडळींचा विचार. गोखले तेथे प्रथम इंग्रजी शिकवू लागले. टिळक गेल्यावर गणिताचा वर्ग त्यांच्याकडे आला. पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र. कोणताही विषय वाट्याला आला तरी तो आधी स्वतः नव्याने शिकायचा आणि मग शिकवायचा, असा खाक्या. आगरकर किंवा वासुदेवराव केळकर यांच्यासारखे तेज त्यांच्या शिकवण्यात नव्हते असे जुने विद्यार्थी म्हणत. तयारी मात्र कधी कमी पडली नाही.

शिकवण्याहून कठीण काम त्यांनी सुट्यांत केले. कॉलेजला स्वतःची इमारत नव्हती. वाड्यांतून वर्ग भरत. इमारतीसाठी पैसा हवा आणि तो मागत फिरायला कोणी तरी हवे. जन्मतः संकोची असलेले गोखले उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्या गावोगाव, संस्थानोसंस्थान फिरण्यात घालवू लागले. सरदारांच्या ओसरीवर ताटकळणे, दहा दारी नकार ऐकणे हे त्यांनी वर्षानुवर्षे केले. सध्याच्या फर्गसन रस्त्यावरची, टेकडीच्या पायथ्याची मुख्य इमारत १८९५ मध्ये वापरात आली. ज्या मुलाला एका वर्षात दोन कॉलेजांत फिरावे लागले, त्याने दुसऱ्यांच्या मुलांना एका जागी तिन्ही वर्षे शिकता यावे म्हणून दारोदार हिंडावे, यात एक संगती आहे. गोखल्यांनी स्वतः ती कधी उघड बोलून दाखवली नाही.

रानड्यांची भेट पुण्यात झाली आणि वडिलांचा हा शाळासोबती मुलाचा गुरू बनला. सार्वजनिक सभेचे काम, वेल्बी आयोगापुढची १८९७ ची साक्ष, मुंबईचे आणि मग कलकत्त्याचे कायदेमंडळ, १९०५ मधील भारत सेवक समाजाची स्थापना आणि त्याच वर्षी बनारस काँग्रेसचे अध्यक्षपद हा पुढचा प्रवास सर्वपरिचित आहे. या प्रवासातच, १९०२ साली, ते फर्गसनमधून निवृत्त झाले. निवृत्तिवेतन ठरले दरमहा तीस रुपये.

१९११ साली गोखल्यांनी कलकत्त्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. खर्चाचे आकडे त्यांनी काटेकोर मांडले होते, तरी पुढच्या वर्षी ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. कॉलेजची दारे उघडी असली तरी त्यांच्यापर्यंत पोचणारी मुले कोण आणि किती, हा प्रश्न त्या विधेयकामागे होता. गोखल्यांजवळ पैसा नव्हता, पण कोल्हापुरात, पुण्यात, मुंबईत जातीच्या नात्याने आसरा देणारी घरे होती, खाणावळी होत्या, ओळखी होत्या. कोल्हापूर संस्थानातल्या बहुसंख्य शेतकऱ्यांच्या मुलांजवळ पैसा नव्हता आणि हेही नव्हते. त्यांच्यासाठी राजाराम कॉलेज आठ मैलांवर असले काय आणि दीडशे मैलांवर असले काय, सारखेच दूर होते.

हे अंतर कमी करण्याचे काम ज्याने केले तो राजाही कागलशी नाते सांगणाराच होता. ज्या वर्षी गोखले भायखळ्यात बी.ए.चा अभ्यास करीत होते, त्याच १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला आणि शाहू छत्रपती झाला. १९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची मुले अशा निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहिली. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. गोखले ते पाहायला नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते पुण्यात निवर्तले होते. कागलसारख्या गावातून कोल्हापूरला येणाऱ्या मुलाला आता झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण वसतिगृहात मिळू लागले होते.